रेकॉर्ड ऐकायला सोसायटीचा हॉल मिळवताना : माझा अनुभव

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीत महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी आम्ही काही जण जमतो. सध्या घरी ज्याची पारायणं चालू आहेत तो अल्बम आणायचा, सगळ्यांनी ऐकायचा आणि मग त्यावर मनसोक्त वाद घालायचा. एलपी, सीडी, फोनवरचं स्ट्रीमिंग, काहीही चालतं. माणसं, टर्नटेबल, स्पीकर सगळं पटापट जमलं. घोडं अडलं ते हॉलपाशी, आणि ते आठवलं की अजूनही डोकं तापतं.

अर्जात कार्यक्रमाचा प्रकार निवडायचा होता : वाढदिवस, बारसं, साखरपुडा, पूजा, इतर. मी ‘इतर’वर खूण करून पुढे ‘संगीतश्रवण’ लिहिलं. मॅनेजरनी विचारलं, “गाणार कोण?”

“किशोरीताई आमोणकर.”

“मग त्यांचं संमतिपत्र जोडा.”

त्या २०१७ सालीच गेल्या, आम्हाला फक्त रेकॉर्ड ऐकायची आहे, असं म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे डीजे! असं सांगा ना. डीजेचं डिपॉझिट वेगळं.”

डीजे नाही हे पटवेपर्यंत अर्ज कमिटीकडे गेला, आणि तिथे कोणीतरी लायसन्सचं पिल्लू सोडून दिलं. हॉटेलवाल्यांना गाणी लावायला लायसन्स लागतं, मग आपल्याला का नको? उद्या नोटीस आली तर कोण भरणार? मग पुढची मीटिंग. ती कोरमअभावी रद्द. त्याच्या पुढच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून इतकी जुंपली की आमचा विषय आलाच नाही. सेक्रेटरी जिन्यात भेटले की म्हणायचे, “तुमचं आहे लक्षात.” लक्षात राहून काय उपयोग?

शेवटी मी १९५७चा कॉपीराइट कायदाच काढून वाचला. कलम ५२, पोटकलम १, खंड ‘के’. निवासी इमारतीत रहिवाशांच्या सामायिक वापराच्या बंद हॉलमध्ये, मुख्यतः त्यांच्यासाठीची सोय म्हणून रेकॉर्ड ऐकवली तर तो हक्कभंग धरला जात नाही. नफ्यासाठी न चालणाऱ्या क्लबच्या कार्यक्रमांनाही तीच सवलत आहे. प्रिंट काढली, पिवळ्या मार्करने ओळी रंगवल्या आणि दुसऱ्या अर्जाला जोडल्या. तिकीट नाही, वर्गणी नाही, हेही ठळक लिहिलं. तुम्ही करणार असाल तर हे पहिल्याच अर्जात लिहा. आणि अर्जाची पोच शिक्क्यानिशी घ्या, नाहीतर “अर्ज मिळालाच नाही” ऐकायची तयारी ठेवा.

तरी “वकिलाला विचारून बघू” निघालंच. तेवढ्यात इतका वेळ गप्प बसलेले खजिनदारकाका म्हणाले, “माझ्याकडे ‘कॉल ऑफ द व्हॅली’ आहे. लावाल का?” झालं! हॉल मंजूर. कायद्याने नव्हे, संतूरने!

पहिल्या रविवारी काकांचीच रेकॉर्ड लागली. १९६७ची, शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस अशी कल्पना, त्यामुळे सुरुवात अहिर भैरव या सकाळच्या रागाने. पहिली बाजू संपली आणि एक काकू कडाडल्या, “संध्याकाळी सहा वाजता अहिर भैरव?” दुसरा म्हणाला, हे हॉटेलच्या लॉबीत वाजतं तसलं संगीत. काका लालबुंद! मी काकांच्या बाजूने. गिटारवरची मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणं, कान देऊन ऐका, आणि तबल्याकडेही लक्ष द्या. माणिकराव पोपटकरांनी कुठेही पुढेपुढे केलेलं नाही. मग किशोरीताईंचा भूप, म्हणजे संध्याकाळचा राग, लावला, तेव्हा कुठे काकू शांत झाल्या.

एलपीची एक बाजू साधारण वीस-बावीस मिनिटं चालते. चर्चा धरून एका बैठकीला तीनच अल्बम घ्या, बाकीच्यांना पुढच्या वेळी पहिला नंबर द्या. बाजू चालू असताना कोणी बोलायचं नाही. मत शेवटी, चहाबरोबर. रात्री दहाच्या आत आवरायचं, हेही अर्जात लिहिलं की कमिटी खूश. सुईवरची धूळ ब्रशने मागून पुढे काढायची, उलट नाही. आणि कोणी आजोबांचे ७८चे (मिनिटाला ७८ फेरे घेणारे जुने) तवे घेऊन आलं तर आधी सुई बदला. त्यांच्या खाचा रुंद असतात, एलपीच्या सुईने नुसती खरखर ऐकू येते.