ताळा न जमणाऱ्या जागा

तीन जाड पुस्तकं. एक भाषांच्या इतिहासाचं, एक रॉक संगीत घडतं कसं याचं आणि एक वैद्यकातल्या उपचारांच्या चाचण्यांचं. तिन्ही जाणकारांनी जाणकारांसाठी लिहिलेली. मी हिशेब तपासणारी बाई, या तिन्हींत माझं काय काम? पण घेतली खरी, आणि पहिलं पुस्तक पान एकपासून वाचायला लागले. सत्तरेक पानांनंतर पाहिलं तर जवळजवळ प्रत्येक ओळ पिवळी केली होती आणि डोक्यात काहीच नव्हतं. पुस्तक मिटलं ते दोन महिने मिटलेलंच राहिलं.

मग एकदा कामावर खातेवही चाळताना लक्षात आलं की मी वही कधीच पहिल्या पानापासून वाचत नाही. ताळा जिथे जमत नाही तिथे आधी जाते. पुस्तकाच्या शेवटच्या सूचीत मग 'अपवाद' हा शब्द शोधला. निघाला.

ध्वनी भाषेगणिक कसे बदलतात ते सांगणारा ग्रिमचा नियम मला तोवर पाठ झाला होता. १८२२ सालचा. संस्कृत-लॅटिनमध्ये 'प' असतो तिथे जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी, जर्मन वगैरेंत, 'फ' येतो, 'त' असतो तिथे 'थ'. पितृ–फादर, पाद–फूट, त्रि–थ्री. छान जमतं. पण 'भ्रातृ' आणि 'पितृ' दोन्हींत मधे 'त' आहे, तर जर्मनमध्ये एक 'ब्रूडर' आणि दुसरा 'फाटर' का? त्या भाषांचं जुनं रूप पाहिलं तर भावाच्या शब्दात थ-सारखा ध्वनी आहे, बापाच्या शब्दात द-सारखा. याचं उत्तर कार्ल वर्नर या डॅनिश अभ्यासकानं १८७७ मध्ये छापलं, आणि ते त्याला वैदिक संस्कृतात सापडलं. भ्रातृ शब्दात आघात, म्हणजे उच्चारातला जोर, 'भ्रा' वर, पितृ शब्दात शेवटच्या अक्षरावर. आघात थ-च्या लगेच आधी असेल तर थ टिकतो, नसेल तर मऊ पडून द होतो. जर्मानिक भाषांत तो आघात नंतर सरकून पहिल्या अक्षरावर गेला, खूण पुसली, पण व्यंजनात मागे राहिली. हे वाचल्यावर मी दोन्ही शब्द मोठ्यानं म्हणून पाहिले, चार-पाच वेळा. घरच्यांना वाटलं, हिचं काहीतरी बिनसलंय.

(इंग्रजीत आज 'ब्रदर' आणि 'फादर' सारखेच वाटतात, म्हणून फसायला होतं. जुन्या इंग्रजीत बापाच्या शब्दात 'द' सारखाच ध्वनी होता.)

रॉकचं पुस्तक मला सोपं जाईल असं वाटलं होतं. कसलं! निम्मं पुस्तक ॲम्प्लिफायर आणि टेपच्या ट्रॅकबद्दल. १९६४ मध्ये किंक्स या बँडच्या गिटारवादक डेव्ह डेव्हिसनं ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा पडदा ब्लेडनं चिरला आणि त्यातून तो खरखरीत आवाज काढला, इथपर्यंत मजेत वाचलं. अडले ते 'पॉवर कॉर्ड'वर. साधी गिटार वाजवताना कॉर्डमध्ये तीन सूर एकदम वाजतात, सा-ग-प. डिस्टॉर्शन, म्हणजे तो मुद्दाम फाडलेला आवाज, आलं की वादक 'ग' गाळतात, आणि उरतो तो पॉवर कॉर्ड. का गाळतात? पुस्तकात उत्तर एका समीकरणात दडलेलं होतं आणि मी समीकरणांची पानं उलटत आले होते.

शेवटी कागद घेतला. ताणलेल्या, फाटलेल्या आवाजात दोन सुरांच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकीही ऐकू येऊ लागते. सा २२० धरला तर प जवळजवळ ३३०. वजाबाकी ११०, म्हणजे एक सप्तक खालचा सा. बेरीज ५५०, तीही त्याच ११० च्या पटीत. सगळं कुटुंबातलंच. आता ग. शुद्ध नात्यानं तो २७५ असायला हवा, वजाबाकी ५५, पुन्हा सा. पण गिटारचे पडदे समान अंतरांच्या सप्तकासाठी बसवलेले, त्यांवर ग येतो २७७ च्या आसपास. वजाबाकी ५७. दोनचा फरक! साध्या गिटारवर हे कुणाला फारसं खुपत नाही, पण डिस्टॉर्शन तो फरकच मोठ्यानं ऐकवतं. तानपुऱ्यावर बहुधा सा-प का लावतात याचं पूर्ण उत्तर हे नाही, पण हेडफोन लावून दोन्ही ऐकताना मला तानपुराच आठवत राहिला. समीकरण वगळलं असतं तर हे हुकलंच असतं.

वैद्यकाचं पुस्तक सगळ्यात उशिरा घेतलं, थोडं घाबरत. त्यात सुरुवातीलाच जेम्स लिंडची गोष्ट. १७४७ मध्ये जहाजावरचे स्कर्व्हीचे, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावानं होणाऱ्या आजाराचे, १२ रुग्ण, दोन-दोनच्या सहा जोड्या, प्रत्येक जोडीला वेगळा उपचार, आणि संत्री-लिंबू मिळालेले दोघे झपाट्यानं सुधारले. इथपर्यंतची गोष्ट कुठेही वाचायला मिळते. पण मी तारखा मांडल्या. लिंडचा ग्रंथ १७५३ चा, ब्रिटिश नौदलानं लिंबाचा रस सर्रास द्यायला सुरुवात केली १७९५ मध्ये. ४२ वर्षं कुठे गेली?

नौदलाचे अधिकारी मूर्ख होते, असं मी समासात लिहूनही टाकलं. पुढचं प्रकरण वाचल्यावर ते खोडावं लागलं. लिंडनं स्वतःच ती चाचणी जाडजूड ग्रंथात काही पानांत उरकली होती. आजाराचं मूळ तो दमटपणा आणि बिघडलेल्या पचनात शोधत होता. रस टिकावा म्हणून त्यानं तो बराच वेळ तापवून घट्ट करायला सांगितलं. उष्णतेनं क जीवनसत्त्व नष्ट होतं, त्यामुळे तो पाक घेऊन फारसा गुण यायचा नाही. पुरावा हातात असूनही माणूस त्याच्या शेजारून निघून गेला, आणि मी मात्र दोष भलत्याच्या खात्यावर टाकला होता.

तिन्ही पुस्तकं पूर्ण झाली असं म्हणता येणार नाही. चाचण्यांच्या पुस्तकातलं नमुना किती मोठा घ्यावा हे प्रकरण दोनदा वाचलं, दोन्ही वेळा उदाहरणाच्या तिसऱ्या ओळीत माझं उत्तर वेगळं आलं. चूक माझी की छपाईची ते अजून ठरत नाही. पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.