ठोके कमी आले म्हणून सराव थांबवला

राज्य स्पर्धेपूर्वीच्या शिबिरात महिला कबड्डी संघाच्या सरावभाराची नोंद ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. रोज सकाळी खेळाडू छातीला हृदयगती मोजणारा पट्टा बांधून ठरलेल्या वेगाने चार मिनिटे ये-जा धावत आणि नंतर एक मिनिट स्तब्ध उभ्या राहत. वेग तोच असल्यामुळे प्रत्येकीच्या ठोक्यांची तुलना तिच्याच आधीच्या नोंदींशी करता येते. दोघींची एकमेकींशी तुलना करण्यात अर्थ नसतो, कारण कमाल हृदयगती व्यक्तिगणिक वेगळी असते आणि '२२० वजा वय' हे सूत्र एखाद्या खेळाडूच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकते. म्हणून आम्ही ती प्रत्येकीला दमेपर्यंत धावायला लावून मोजली होती.

त्या सकाळी संघाच्या प्रमुख चढाईपटूचे ठोके नेहमीच्या १५४ ऐवजी १४३ आले, आणि थांबल्यावर ते एरवीपेक्षा लवकर उतरलेही. संघाचे प्रशिक्षक असलेल्या सरांना आनंद झाला, आणि त्याला आधार होता: तंदुरुस्ती वाढली की रक्ताचे आकारमान वाढते, हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलते आणि त्याच वेगाला कमी ठोके पुरतात. "मॅडम, पोरगी तयार झाली. आजपासून हिच्या चढाया वाढवू," असे ते म्हणाले.

मला मात्र दुसरा आकडा अस्वस्थ करत होता. श्रम किती जाणवले हे आम्ही शून्य ते दहा या मापावर प्रत्येकीला बाजूला घेऊन विचारतो, कारण मैत्रिणींसमोर दमल्याचे सहसा कोणी कबूल करत नाही. एरवी तीन सांगणारी ही मुलगी त्या दिवशी सहा म्हणाली. "मॅडम, पाय उचलतच नाहीत." कोरड्या पट्ट्यामुळे आकडे चुकतात, म्हणून मी पट्टा ओला करून आणि नंतर बदलूनही पाहिला; आकडा तोच राहिला. हवाही काही थंड नव्हती.

चढाया वाढवण्याआधी नेहमीचा जोरदार सराव बघू या, ही माझी विनंती सरांनी मान्य केली. त्या सरावाच्या शेवटी ती मॅटवरच बसली, आणि तिचे ठोके १६८ च्या वर गेले नव्हते. तिची कमाल हृदयगती १९४ आहे. हृदयगतीच्या टप्प्यांना एक ते पाच असे वजन देऊन भार काढण्याची जी पद्धत आहे, तिच्यात ९० टक्क्यांच्या वरच्या मिनिटांना सर्वाधिक वजन मिळते. ती त्या टप्प्यात पोहोचलीच नाही, त्यामुळे जिला सराव सर्वांत जड गेला, तिचाच भार संगणकावर सर्वांत हलका दिसत होता. सलग जड सरावानंतर विश्रांती अपुरी पडली की हृदय उत्तेजनाला पुरेसा प्रतिसाद देत नाही आणि ठोके वर चढत नाहीत. वरवर पाहता हे चित्र सुधारलेल्या तंदुरुस्तीसारखेच दिसते, म्हणून ते अधिक धोक्याचे असते.

कबड्डीत ही अडचण आणखी वाढते, असे माझे मत आहे. चढाई ३० सेकंदांची असते; ठोके वर चढेपर्यंत ती संपलेली असते, आणि साखळीतल्या खेळाडूने पकडीत लावलेला जोर हृदयगतीत पुरेसा उमटतच नाही. त्यामुळे व्यायामशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांच्या पद्धतीने जाणवलेल्या श्रमाचा आकडा सरावाच्या मिनिटांनी गुणून येणारा भार मी नेहमी शेजारच्या रकान्यात लिहिते. त्या दिवशी या रकान्यात तिचा आकडा संघात सर्वांत मोठा होता.

सरांनी दोन्ही रकाने शांतपणे पाहिले आणि म्हणाले, "बोनस रेषेवर तिचा पाय उशिरा पडतोय, हे मलाही दिसत होतं." त्यांनी तिला आधी पूर्ण विश्रांती दिली आणि नंतर काही दिवस सरावाचा वेळ निम्म्यावर आणला. सकाळच्या धावण्यातले तिचे ठोके पुन्हा दीडशेच्या वर गेले, श्रमाचा आकडा तीनवर आला, आणि जोरदार सरावात तिने १८९ गाठले. वाढलेल्या ठोक्यांची ती नोंद पाहिल्यावरच सरांनी तिच्या चढाया वाढवल्या.