नायगाराच्या काठाने: धबधब्यापलीकडचा कॅनडा

टोरंटोला आलेली आपली मंडळी नायगारा बघतात, बोटीत भिजतात आणि संध्याकाळी परततात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, एक दिवस जास्तीचा ठेवा आणि नदीच्या काठाकाठाने उत्तरेला क्वीन्स्टन हाइट्सपर्यंत जा. शेजाऱ्याशी भाषा, खाणंपिणं, टीव्ही सगळं सारखं असून कॅनडाचा माणूस अमेरिकन का झाला नाही, ते इथे कळायला लागतं.

टेकडीवर ब्रिटिश सेनापती जनरल ब्रॉकचा ५६ मीटर उंच स्मारकस्तंभ आहे. तेव्हा कॅनडा ब्रिटिशांची वसाहत होता. १३ ऑक्टोबर १८१२ ला अमेरिकन सैन्य समोरच्या लुइस्टनहून नदी ओलांडून आलं आणि ब्रॉक सकाळीच मारला गेला. आतला गोल जिना २३५ पायऱ्यांचा आणि अरुंद आहे. गुडघे दुखत असतील तर चढू नका. वर गेलात तर झरोक्यातून पलीकडचा काठ बघा. तिथे उभ्या असलेल्या अमेरिकन मिलिशियातल्या, म्हणजे नागरिकांच्या फौजेतल्या, बऱ्याच जणांनी परक्या भूमीत लढायला नकार दिला होता.

खाली उतरल्यावर लगेच निघू नका. २०१६ मध्ये उभारलेलं ‘लँडस्केप ऑफ नेशन्स’ हे स्मारक जवळच आहे. ब्रिटिशांच्या बाजूने लढलेले आदिवासी नेते जॉन नॉर्टन आणि जॉन ब्रँट यांचे ब्राँझचे पुतळे, पुढे लाँगहाउसचा, म्हणजे आदिवासींच्या लांबट सामायिक घराचा, नुसता सांगाडा, त्यातून चालत जायचं. ब्रॉक पडल्यावर, कुमक पोहोचेपर्यंत नॉर्टनच्या मूठभर आदिवासी योद्ध्यांनी शत्रूला अडवून धरलं. रिचर्ड पियरपॉइंट या एकेकाळच्या गुलामाच्या अर्जावरून उभी राहिलेली कृष्णवर्णीयांची तुकडीही त्या दिवशी लढली. अमेरिकन क्रांतीनंतर ब्रिटिश राजाशी निष्ठा ठेवून इकडे आलेली कुटुंबं होतीच. इतकी वेगवेगळी माणसं, आणि त्यांना एकत्र आणणारी गोष्ट एकच: पलीकडच्या देशात सामील व्हायचं नाही.

याच परिसरात १७९३ मध्ये क्लोई कूली या गुलाम बाईला बांधून, होडीत घालून विकायला पलीकडे नेलं. त्यातून त्याच वर्षी कायदा झाला: नवे गुलाम आणायचे नाहीत, पुढे जन्मणारी मुलं पंचविसाव्या वर्षी मुक्त. असलेले गुलाम मात्र तसेच राहिले. सावकाश, कायद्याने, तडजोड करत पुढे जायचं, हा कॅनडाचा स्वभाव मला इथे स्पष्ट दिसला. १८६७ च्या त्यांच्या घटनेत ‘शांतता, सुव्यवस्था आणि सुशासन’ हे शब्द आले, ते याच वळणाचे.

या स्वभावाची काळी बाजूही बघायला हवी. ज्यांच्या पूर्वजांनी हा काठ राखला, त्या आदिवासींच्याच मुलांना ब्रँटफर्ड गावातल्या मोहॉक इन्स्टिट्यूट या निवासी शाळेत घरापासून, भाषेपासून तोडलं गेलं. ती शाळा १९७० मध्ये बंद झाली. गाडी असेल तर तिथेही जा.

टोरंटोच्या युनियन स्टेशनवरून गो ट्रेनने नायगारा फॉल्सला यावं. पुढे मोसमात वीगो या स्थानिक बससेवेची बस मिळते. परतीची शेवटची बस आधीच विचारून ठेवा. क्वीन्स्टनहून नायगारा-ऑन-द-लेककडे सायकलसाठी वेगळा रस्ता आहे आणि टेकडी उतरल्यावर तो सपाट आहे. ऑक्टोबरमध्ये झाडं रंगलेली असतात, पण वारा बोचरा, जाड जॅकेट हवंच. काठावर फोन अमेरिकन नेटवर्क पकडतो, म्हणून रोमिंग बंद करा. आणि अमेरिकेचा व्हिसा नसेल तर मॅपच्या सांगण्यावरून पुलाकडे गाडी वळवू नका.