कोर्सिकाच्या डोंगरात आभाळाकडे लक्ष ठेवा

सह्याद्रीत भटकणाऱ्याला एक खोड लागते: दगडावर हात टेकण्याआधी खाली फुरसं नाही ना, हे बघायचं. भूमध्य समुद्रातल्या कोर्सिका बेटावरही माझी नजर तशीच फिरत होती. पण या फ्रेंच बेटावर फुरशा-घोणशीच्या कुळातला एकही साप नाही. अस्वल नाही, लांडगाही नाही. मोकाट डुकरं मात्र भरपूर. ती अंगावर येत नाहीत, पण तंबूबाहेर ठेवलेला शिधा फस्त करतात.

भीती वाटावी ती हवामानाची. बेटाच्या कण्यावरून कालेन्झाना ते कोंका अशी सुमारे १८० किलोमीटरची जीआर २० ही पायवाट जाते. तिचा मधला टप्पा म्हणजे विझाव्होना. तिथे रेल्वेनेही पोहोचता येतं, आणि आम्ही तसेच गेलो. समुद्र इतका जवळ आणि माँते चिंतो हे शिखर २७०६ मीटर उंच! उन्हाळ्यात समुद्रावरची दमट हवा उतारांवरून वर चढते आणि सकाळी निरभ्र असलेलं आभाळ दुपारपर्यंत गडगडायला लागतं. म्हणून इथले लोक पहाटेच निघतात आणि दुपारच्या आत खिंड ओलांडून निवाऱ्यावर पोहोचतात. आम्हीही तेच केलं. दोनच्या सुमारास वरच्या कड्यावर वीज कडाडली तेव्हा आम्ही छपराखाली होतो, तरी छातीत धस्स झालं.

१० जून २०१५ रोजी याच पायवाटेवरच्या सर्क द ला सोलित्यूद या अवघड घळीत वादळी पावसाने दरड कोसळली आणि सात जणांचा जीव गेला. त्यानंतर वाट तिथून हलवून माँते चिंतोच्या बाजूने वळवली. १८ ऑगस्ट २०२२ च्या सकाळी तापलेल्या समुद्रावरून वादळ आलं आणि मारिन्याना गावात वाऱ्याचा वेग ताशी २२५ किलोमीटर नोंदला गेला. बेटावर पाच माणसं दगावली. वादळ इतक्या वेगाने आलं की लोकांना सावरायलाही वेळ मिळाला नाही.

विझाव्होनाच्या जंगलात मी शोधत होतो तो कोर्सिकन नटहॅच हा पक्षी. चिमणीहून लहान, पांढऱ्या भुवईचा. जगात फक्त याच बेटावर सापडतो. लारिसिओ पाइनच्या वठलेल्या, मऊ पडलेल्या खोडात तो बीळ कोरतो आणि हिवाळ्यासाठी पाइनच्या बिया सालीत दडवतो. बराच वेळ नुसतीच किलबिल ऐकू आली. मग एका जुन्या बुंध्यावर तो सरसर चढताना दिसला आणि माझा श्वासच अडकला. वणवा लागला की याची जुनी झाडं जातात, आणि तसं खोड पुन्हा तयार व्हायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. आपल्याला वाट बदलता येते; त्याला दुसरं बेट नाही.

म्हणूनच वणव्याचा धोका वाढला की प्रशासन काही जंगलांच्या वाटा बंद करतं. तुम्ही गेलात तर आदल्या संध्याकाळी हवामानाचा अंदाज आणि बंद वाटांची यादी दोन्ही पाहा, आणि चूल पेटवू नका.