हिप्परग्याचा गाळ, दिवस ४७: जांभळा उमटला!

मंडळी, गाळाच्या बरणीत अखेर जांभळ्या जिवाणूंचा रंग आला. काल सकाळी बरणी पुसताना तळापासून चार बोटं वर रुपयाएवढा डाग दिसला. बाहेरून काही लागलं असेल म्हणून नखाने खरवडला, जाईना. डाग काचेच्या आतून होता!

नव्याने आलेल्यांसाठी: गाळ आणि पाणी बरणीत भरून उजेडात ठेवायचं आणि त्यातले जिवाणू थराथराने वाढताना बघायचे, ही रीत विनोग्राड्स्की या शास्त्रज्ञाने १८८०च्या दशकात काढली. माझ्या उभ्या बरणीत हिप्परगा तलावाच्या काठचा गाळ, वर्तमानपत्राचे भिजवलेले कपटे, अंड्याच्या टरफलांची पूड आणि मूठभर जिप्सम आहे (कृषी सेवा केंद्रात मिळतं). वर तलावाचंच पाणी. दुसऱ्या बरणीत सगळं तेच, फक्त जिप्सम नाही.

जिप्समवालीचा तळ दहाव्या दिवसापासून काळा पडत गेला, आता काजळासारखा आहे. तिथे ऑक्सिजन पोचत नाही. तिथले जिवाणू त्याच्याऐवजी जिप्सममधलं सल्फेट वापरून श्वसन करतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. आपल्या काळ्या मातीत लोह भरपूर, त्याला हा वायू भेटला की काळं आयर्न सल्फाइड बनतं. उरलेला वायू वर चढतो. जिथे तो मिळतो, उजेडही मिळतो आणि ऑक्सिजन मात्र नसतो, तेवढ्याच पट्ट्यात जांभळे गंधक-जिवाणू घर करतात. दुसऱ्या बरणीचा तळ अजून नुसता करडा. मला या फरकाचा आनंद रंगापेक्षा जास्त आहे.

एकोणिसाव्या दिवशी घोळ झाला होता. टोपण घट्ट राहिलं, वायूने गाळ मधोमध फाटून दोन बोटं फट पडली. टोपण काढलं आणि नासक्या अंड्याचा वास घरभर. आई म्हणाली, "आधी ते गटार गॅलरीत ने!" आता टोपण सैल ठेवतो. दुपारच्या उन्हात काच हाताला चटका देत होती, म्हणून बरणी उत्तरेच्या खिडकीत हलवली.

काल रात्री जांभळ्याचा एक थेंब ४००पट मोठा करून पाहिला. पेशींच्या आत चमकणारे बारीक दाणे, म्हणजे साठवलेलं गंधक. तासभर डोळा हलला नाही.

आणखी एक. काळ्या थरात ज्यांचं राज्य असतं त्यातलं एक कूळ डिसल्फोव्हिब्रिओ. त्याच कुळातले जिवाणू माणसाच्या मोठ्या आतड्यातही राहतात, तिथेही ऑक्सिजन जवळपास नसतोच. हे कळल्यापासून तो काळा तळ मला परका वाटत नाही.

आज डागाच्या अर्ध्या भागावर काळा कागद चिकटवलाय, उजेड तोडल्यावर काय होतं ते बघायला. कुणी सिद्धेश्वर तलावाचा गाळ लावला असेल, तर काळा थर कितव्या दिवशी आला ते नक्की कळवा.