‘तुला घेऊ?’

गेल्या हिवाळ्यात मॉन्ट्रियलला बाहेर उणे अठरा तापमान होतं. दिवसदिवस आम्ही घरातच. आमचा नुकताच दोन वर्षांचा झालेला लेक माझ्यासमोर दोन्ही हात वर करून उभा राहायचा आणि म्हणायचा, “तुला घेऊ?” म्हणजे मला कडेवर घे. तहान लागली की “तुला पाणी हवं?” आणि झोप आली की डोळे चोळत “तुला निन्नी आली.”

त्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर तो बरोबरच होता. तो रडला की मी “तुला घेऊ?” म्हणते आणि लगेच उचलते. म्हणजे हे दोन शब्द म्हटले की कडेवर जाता येतं! आणि जगात सगळे त्याला ‘तू’च म्हणतात, मग ते त्याचंच नाव नसेल कशावरून?

मी सुधारायला गेले आणि गोंधळ वाढला. “तुला नाही रे, मला म्हण, मला.” माझ्या तोंडून आलेलं ‘मला’ म्हणजे तर मी. तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, “मला.” चमचा, दूध, मांजर हे शब्द कुणीही उच्चारले तरी त्याच वस्तूला चिकटलेले असतात. ‘मी’ मात्र बोलणारा बदलला की उडी मारून दुसरीकडे जातो. एवढ्याशा जिवाला ही उडी दिसायची कशी?

काळजी वाटून मी वाचायला लागले, आणि गंमत म्हणजे जे सापडलं ते आमच्याच गावातलं निघालं. इथल्या मॅकगिल विद्यापीठात युरिको ओशिमा-ताकाने यांनी नेमका हाच प्रश्न अभ्यासला. 1988 च्या त्यांच्या लेखाचं म्हणणं असं, की मुलाला उद्देशून बोललेल्या वाक्यांतून ‘मी-तू’ उलगडणं कठीण, कारण तिथे ‘तू’ म्हणजे कायम तेच मूल. दोन माणसं आपसात बोलताना मूल ऐकतं, तेव्हा ‘तू’ कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे जाताना त्याला दिसतो. 1996 च्या अभ्यासात दुसरी अपत्यं सर्वनामांच्या बाबतीत पहिल्या अपत्यांच्या पुढे असल्याचं आढळलं. त्यांच्या कानावर आई आणि ताई-दादा यांचं बोलणं सतत पडत असतं ना. तेव्हा त्याच विद्यापीठात असलेल्या लॉरा-अ‍ॅन पेटिटो यांनी 1987 मध्ये दाखवलं, की खुणांची भाषा शिकणारी कर्णबधिर मुलंसुद्धा हीच उलटापालट करतात. त्या भाषेत ‘मी’ म्हणजे स्वतःकडे बोट आणि ‘तू’ म्हणजे समोरच्याकडे बोट, इतकं सरळ असूनही! हे वाचून मला खूप हायसं वाटलं.

आमच्या डॉक्टरांनीही सांगितलं, की तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेक मुलांचं हे आपोआप जुळतं. हाक मारल्यावर मूल बघत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, असंही सोबत असेल तर मात्र वाट न पाहता दाखवून घ्यावं.

मग मी आमच्या घराकडे नव्यानं पाहिलं. दिवसभर मी आणि तो. मीसुद्धा ‘मी’ कुठे म्हणत होते? “आई देते हं”, “बाळाने खायचं हं.” बाबा येतात तेव्हा हा पेंगुळलेला. आमच्या घरात दोन माणसांचं आपसातलं बोलणं त्याच्या कानावर पडतच नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी त्याला घेऊन सहा आठवडे नाशिकला गेले. गंगापूर रोडचं माझं माहेर म्हणजे आजी-आजोबा, मामा-मामी, पाच वर्षांची ताई, साडेतीन वर्षांचा दादा. द्राक्षांचे दिवस. दुपारी आजी खाली बसून एकेक द्राक्ष उभं चिरायची आणि ताई वाटणी करायची. “मला एक, तुला एक.” की लगेच दादा छातीवर हात मारून, “मला दोन!” “तुला कशाला दोन?” “तुला मघाशी मिळाली ना!” आमचं बाळ आजीच्या मांडीवर बसून मान इकडून तिकडे फिरवत होतं. वाटीकडे त्याचं लक्षच नव्हतं. बोलणाऱ्याचं तोंड बघायचं, मग द्राक्ष कुणाच्या हातात गेलं ते बघायचं. नऊ-दहा दिवस हेच. आणि एका दुपारी मांडीवरून उतरून, वाटीत हात घालून, मोठ्यांदा: “मला!”

आजीने सुरी खाली ठेवली आणि त्याचा मुका घेतला. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

त्यानंतर मी त्याच्यावरची नजर काढलीच नाही. आपल्या मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे. मॉन्ट्रियलच्या इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये हा फरकच नाही. मामा “आपण गोदाघाटावर जाऊ” म्हणाला की हा चपला शोधायला पळायचा. “आम्ही जरा जाऊन येतो” म्हटलं की भोकाड. स्वतः ‘आपण’ उच्चारायच्या कितीतरी आधी त्याला कळलं होतं, की एकात तो आहे आणि दुसऱ्यात नाही. माझी भाषा मला त्या सहा आठवड्यांत जितकी श्रीमंत वाटली तितकी आधी कधी वाटली नव्हती.

एक गोष्ट मात्र राहिली होती. दिवसभर माझंच ऐकून तो “मी येते”, “मी खाते” म्हणायचा. आजोबा आणि दादा यांच्या संगतीत हळूहळू “मी येतो” झालं.

परत आल्यापासून आम्ही दोघं जेवताना मुद्दाम एकमेकांशी बोलतो, “तू भात घेतलास का?” “मी घेतला, तू घे.” तो ऐकत असतो. रविवारी फोनच्या पडद्यावर आजीने विचारलं, “तू जेवलास का रे?”

“मी जेवलो,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “तू जेवलास?”

“जेवले रे राजा,” आजी म्हणाली, “मी पण जेवले.”