सागवानाचे दाते आणि सहा एमएमचा बिट

आमचं घर सोलापुरात, अशोक चौकाच्या मागं. अण्णांची उमेदीची वर्षं हातमागाच्या सुतारकामात गेली. मागाची चौकट दुरुस्त करायची, आडवा धागा नेणारा धोटा घासून गुळगुळीत करायचा. पेटी केली तर कोपऱ्याला ते खिळा मारत नसत. फळ्यांच्या टोकांना करवतीनं एकमेकांत अडकणारे दाते पाडायचे, पटाशीनं खाचा साफ करायच्या आणि लाकडी हातोडीनं हलकेच ठोकून सांधा बसवायचा. तोच सांधा सीएनसी राउटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगप्रमाणे लाकूड कापणाऱ्या मशिनवर, काढायचं मी यंदा मार्चमध्ये मनावर घेतलं. निमित्त होतं एका दुकानदाराच्या ऑर्डरचं: आहेरात द्यायची चादर घडी करून ठेवता येईल अशा बारा सागवानी पेट्या.

सुरुवातीला मी फळी टेबलावर आडवी टाकली आणि वरून दाते कापले. बिट, म्हणजे मशिनचं कापणारं 6 एमएमचं पातं, गोल फिरतो, त्यामुळे प्रत्येक खाचेच्या आतल्या कोपऱ्यात 3 एमएमची गोलाई राहिली. समोरच्या फळीचा दाता चौकोनी, तो आत जाईना. माझी फळी 132 एमएम रुंद, दाता 12 एमएमचा. एका फळीला सहा दाते, जोडीच्या फळीला पाच. हिशेब केला तर एका पेटीत असे ऐंशी कोपरे. बारा पेट्यांचे पटाशीनं साफ करत बसायचं तर मशिन कशाला?

उपाय अण्णांनीच सुचवला. ते करवत चालवताना फळी शिकंजात उभी धरत. मीही तशीच धरली, टोक वर करून. आता बिट फळीच्या जाडीतून आरपार जातो, खाचेचा तळ सपाट येतो आणि कोपरे आपोआप चौकोनी राहतात. त्यासाठी टेबलाच्या पुढच्या कडेला 18 एमएम प्लायचा उभा आधार बोल्टनं बसवला, फळीचा बाकीचा भाग खाली लोंबता ठेवला. आधार सरळ आहे की नाही ते गुण्या लावून दोन्ही बाजूंनी तपासा. तो जरासा कलला तरी खाचा तिरक्या पडतात आणि पेटीचा कोपरा काटकोनात मिटत नाही. फळीमागं एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) तुकडा लावला, नाहीतर बिट बाहेर पडताना सागवानाचे कपचे उडतात. बिट फिरवणारा स्पिंडल मिनिटाला 18000 फेऱ्यांवर, बिटच्या एका खेपेत 2 एमएम खोली. हे लवकर जमलं.

दाते मात्र बसेनात. जोर केला तर कडेचा दाता चिरून निघाला. ड्रॉइंग पुन्हा पुन्हा पाहिलं, त्यात चूक नव्हती. शेवटी बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर घेऊन बिटचीच जाडी मोजली: 5.94 एमएम. पाकिटावर 6 छापलेलं, सॉफ्टवेअरलाही मी 6 सांगितलेलं. म्हणजे खाच पडत होती 11.94 आणि दाता उरत होता 12.06. जाड दाता अरुंद खाचेत कसा शिरणार? ड्रॉइंगला हात न लावता बिटचा आकार मी मुद्दाम 5.88 भरला. बिट बारीक आहे असं समजून मशिननं खाच रुंद कापली: खाच 12.06 झाली, दाता 11.94. मधली 0.12 एमएमची जागा फेव्हिकॉलला. दोन्ही फळ्या हातानं दाबल्या तर निम्म्यापर्यंत गेल्या, पुढं हातोडीचे चार टोले. अण्णांनी सांध्यावरून नख फिरवलं आणि म्हणाले, "आता फळीची जाडी मोज, खाच त्याहून केसभर खोल ठेव." मी 0.3 जास्त ठेवली. दाते जरा बाहेर आले, ते रंध्यानं सपाट केले.

एप्रिलमध्ये वेगळाच त्रास झाला. चार पेट्यांच्या पुढच्या फळ्या कापून मी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवल्या, बाजूच्या फळ्या घरातल्या थंड खोलीत होत्या, त्या चार दिवसांनी कापल्या. जोडायला घेतलं तर पहिले दोन-तीन दाते बसायचे, पलीकडच्या टोकाला अडायचे. सोलापूरचं ऊन आणि तापलेला पत्रा. शेडमधलं लाकूड वाळून रुंदीत आकसलं होतं. दर दात्याला कणभर फरक, पण 132 एमएममध्ये तो साठत जातो. त्या फळ्या बाद केल्या, फार जिवाला लागलं. तेव्हापासून एका पेटीच्या चारही फळ्या एकाच ढिगातून घेतो, एकाच दिवशी कापतो आणि संध्याकाळच्या आत फेव्हिकॉल लावून शिकंजात आवळतो.

एकदा मध्येच लाइट गेली. परत आल्यावर मशिनला आपण कुठं होतो ते माहीत नव्हतं. नशिबानं शून्य मी फळीवर न घेता प्लायच्या आधाराच्या कोपऱ्यावर घेतलं होतं. तिथं बिट टेकवून तेच काम पुन्हा सुरू करता आलं.

बाराही पेट्या जूनच्या आधी गेल्या. आधाराच्या प्लायवर पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: बिट 5.94, भरलेला आकार 5.88. गेल्या आठवड्यात तो बिट बोथट झाला, नवा आणला. पाकिटावर 6, व्हर्निअरवर 5.97. रद्दीतले दोन सागवानी तुकडे शिकंजात धरले आणि पहिल्यापासून मोजायला घेतलं.